मध्य-महासागरी पर्वतरांगांखालचा खडक वितळतो तो कोणत्या उष्णतेने?

प्रश्न — भूगोल शिक्षिका, अंधेरी

नमस्कार. मी मुंबईतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. गेल्या महिन्यात अकरावीच्या मुलांना घेऊन गिल्बर्ट हिलवर गेले होते. गावदेवीच्या देवळाकडे चढणाऱ्या पायऱ्यांवर थांबून, उभ्या खांबांच्या जुडीसारखा दिसणारा तो काळा बेसॉल्ट दाखवत मी सांगत होते की हा खडक एके काळी शिलारस होता, प्रावरणातून (भूकवचाखालच्या जाड थरातून) वर आला आणि थंड होताना आकसल्यामुळे त्याला अशा उभ्या भेगा पडल्या. तेवढ्यात एका मुलीने विचारले, "मॅडम, पण खाली त्याला तापवलं कोणी?" पृथ्वीच्या पोटात उष्णता फार आहे म्हणून खडक वितळतो, हे नेहमीचे उत्तर मी दिले. त्यावर ती म्हणाली, "मग सगळंच का नाही वितळलेलं?" माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढच्या तासाला सांगते असे म्हणून मी वेळ मारून नेली, आणि ते मला अजून लागून राहिले आहे.

पृथ्वीवरचा सर्वाधिक शिलारस मध्य-महासागरी पर्वतरांगांखाली तयार होतो असे वाचल्यामुळे मी तिथूनच सुरुवात केली, पण वाचत गेले तसा गोंधळ वाढला. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत आणि प्रावरणातून मात्र जातात, म्हणजे प्रावरण घन आहे, एवढे मला ठाऊक आहे. मग ज्या ठिकाणी दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर जात आहेत, जिथे काही घासत नाही की आदळत नाही, नेमक्या त्याच ठिकाणी खडक का वितळावा?

दुसरी अडचण रसायनाची. प्रावरणातला खडक पेरिडोटाइट; त्यात सिलिका सुमारे ४५ टक्के आणि मॅग्नेशियम ऑक्साइड सुमारे ३८ टक्के. समुद्रतळावरच्या बेसॉल्टमध्ये मात्र सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास आणि मॅग्नेशियम ऑक्साइड जेमतेम ७ ते ८ टक्के. लोणी वितळले तर लोण्याचेच पातळ लोणी व्हावे. इथे खडक वितळून भलताच पदार्थ कसा मिळतो? शिवाय एका मार्गदर्शक पुस्तकात शिलारस थेट पृष्ठभागावर येतो असे लिहिले आहे, तर दुसऱ्यात तो वाटेत एका कोठीत साठतो आणि तिथे बदलतो असे म्हटले आहे. यातले खरे काय?

अकरावीच्या मुलांना सांगता येईल असे उत्तर मिळाले तर फार बरे होईल. सोपे करून सांगताना खोटे सांगावे लागू नये, एवढीच इच्छा आहे.

उत्तर १ — मुलुंडचा वाचक

मॅडम, मी अभियंता आहे, भूशास्त्राचे शिक्षण नाही, पण वाचनातून जे समजले ते मांडतो. पृथ्वीच्या आतली उष्णता युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांच्या किरणोत्सर्गातून सतत निर्माण होत असते. दुसरे म्हणजे पाणी मिसळले की खडकाचा वितळबिंदू खाली येतो. समुद्रतळावर भेगा आहेत आणि त्यांतून पाणी आत झिरपते, तेव्हा पर्वतरांगांखाली या दोन्ही गोष्टी एकत्र येऊन खडक वितळत असावा. जाणकारांनी तपासून पाहावे.

उत्तर २ — दगडांच्या नादी लागलेला

मॅडम, आपल्या विद्यार्थिनीने नेमके मर्मावर बोट ठेवले आहे. तिला निःशंकपणे सांगा की खाली त्याला कोणीही तापवत नाही. वर येताना तो खडक उलट किंचित थंडच होत असतो, आणि तरीही वितळतो, कारण त्याच्यावरचा दाब उतरतो.

मुलुंडच्या मित्रांनी मांडलेल्या दोन्ही गोष्टी आपापल्या जागी खऱ्या आहेत, पण त्या जागा वेगळ्या आहेत. किरणोत्सर्गाची उष्णता पृथ्वीच्या एकूण हिशेबात महत्त्वाची आहे. ती पर्वतरांगांखालीच जास्त निर्माण होते असे मात्र नाही. समुद्राचे पाणी भूकवचातल्या भेगांमध्ये शिरते, तापते आणि उष्ण झऱ्यांच्या रूपाने परत बाहेर पडते. असे झरे १९७७ साली गॅलापागोसजवळच्या समुद्रतळावर प्रथम पाहिले गेले. पण खडक वितळायला जिथे सुरुवात होते त्या खोलीपर्यंत हे पाणी पोचत नाही. पाण्यामुळे वितळण्याची क्रिया मुख्यतः जपान किंवा अँडीजसारख्या प्रदेशांत होते, जिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली जाताना स्वतःबरोबर पाणी खाली नेतो. प्रावरणाच्या खनिजांमध्ये मुळातच वजनाने दहा लाखांत शंभर-दोनशे भाग इतके अत्यल्प पाणी असते. त्यामुळे आणि थोड्याशा कार्बन डायऑक्साइडमुळे मुख्य वितळण्याच्या आधी, अधिक खोलवर, नखभर द्रव सुटू लागतो. तेवढी भर बाजूला ठेवली तर मुख्य काम दाबाचे आहे.

आता दाबाचे. खडक वितळला की तो आधीपेक्षा जास्त जागा व्यापतो. भोवतालचा दाब जितका जास्त, तितके त्याला असे फुगणे अवघड, म्हणून खोल जावे तसा वितळबिंदू चढत जातो. (बर्फ याच्या उलट वागतो, वितळताना आकसतो, आपल्या मनात वितळणे म्हणजे बर्फ असे पक्के बसलेले असल्यामुळे इथे गफलत होते.) मुलांना कुकरचे उदाहरण द्या. कुकरमधले पाणी १०० अंशांच्या पुढे, १२० अंशांपर्यंत तापूनही द्रवच राहते. गॅस बंद करून वाफ झपकन सोडली की खाली ज्योत नसतानाही आतले पाणी खदखदून उकळते, आणि उकळता उकळता थंड होते. उष्णता नव्याने मिळालेली नसते, फक्त दाब गेलेला असतो. उकळण्याच्या जागी वितळणे ठेवले की पर्वतरांगांखाली जे घडते ते जवळजवळ असेच आहे.

भूपट्ट दूर सरकले की मधली जागा भरायला खालचे प्रावरण वर येते. ते घनच असते. वर्षाला काही सेंटिमीटर इतक्या संथ गतीने घन अवस्थेतच वाहते. आपल्याला ही गती नगण्य वाटते, पण खडकातून उष्णता त्याहूनही सावकाश बाहेर झिरपते, म्हणून वर येणारा खडक आपली उष्णता जवळजवळ तशीच सोबत घेऊन येतो. प्रसरण पावल्यामुळे त्याचे तापमान दर किलोमीटरला जेमतेम अर्धा अंश उतरते. त्याचा वितळबिंदू मात्र दर किलोमीटरला तीन ते चार अंशांनी उतरत असतो. फळ्यावर खोलीच्या अक्षाबरोबर या दोन रेषा काढा. एक जवळजवळ उभी आहे, दुसरी तिरकी आहे, त्यामुळे त्या कुठे तरी एकमेकींना छेदणारच. प्रावरणाचे तापमान सुमारे १३५० अंश धरले तर हा छेद साधारण ६० किलोमीटर खोलीवर पडतो, आणि तिथे खनिजांच्या कडांवर पहिला थेंब सुटतो.

"सगळंच का नाही वितळलेलं?" याचेही उत्तर याच आकृतीत आहे. पर्वतरांगेपासून दूर, जुन्या समुद्रतळाखाली प्रावरण तितकेच गरम आहे, पण त्याच्यावर सुमारे १०० किलोमीटर जाडीचे थंड, ताठ झाकण आहे. त्याला छेदाच्या खोलीपर्यंत वर येताच येत नाही. पर्वतरांगेच्या अक्षावर ते झाकण जवळजवळ उरलेले नसते.

छेदाच्या वर आल्यावर दर तीन किलोमीटरला सुमारे एक टक्का खडक वितळतो. यापेक्षा भराभर वितळू शकत नाही, कारण वितळण्यात खडकाची स्वतःचीच उष्णता खर्च होते. अगदी वर पोचलेला खडक सुमारे २० टक्के वितळलेला असतो, तर ६० किलोमीटरवरचा नुकताच सुरुवात करत असतो. सरासरी १० टक्के धरा. साठाचे दहा टक्के म्हणजे सहा. वितळून वर साचणाऱ्या द्रवाचा थर सुमारे सहा किलोमीटर जाडीचा असायला हवा, आणि भूकंपलहरींनी मोजलेले महासागरी भूकवच जगभर बहुतेक ठिकाणी सहा ते सात किलोमीटर जाडीचे आहे! मॅकेन्झी आणि बिकल यांनी १९८८ साली हा हिशेब फार काटेकोरपणे मांडला. पण त्याचा गाभा एवढाच आहे आणि तो अकरावीच्या मुलाला वहीत करता येतो. मी तो पहिल्यांदा केला तेव्हा बराच वेळ त्या सहाच्या आकड्याकडे बघत राहिलो होतो.

लोण्याचे उदाहरण इथे लागू पडत नाही, कारण पेरिडोटाइट एकजिनसी पदार्थ नाही. त्यात निम्म्याहून अधिक ऑलिव्हीन असते, बाकी दोन प्रकारची पायरोक्सिने आणि थोडे स्पिनेल असते. ही खनिजे शेजारी शेजारी असताना एकत्र वितळू लागतात, पण सारख्या प्रमाणात नाही. कॅल्शियमयुक्त पायरोक्सिन सर्वांत जास्त वाटा देते, ऑलिव्हीन जवळपास सगळे मागे राहते. मॅग्नेशियमचा मोठा साठा ऑलिव्हीनमध्ये असल्यामुळे तोही मागे राहतो आणि द्रव सिलिका, ॲल्युमिनियम, कॅल्शियम यांनी समृद्ध होतो. जे मूलद्रव्य खनिजांच्या जाळीत नीट बसत नाही, ते तर संधी मिळताच द्रवात पळते. सोडियमचे बघा. अशा प्रावरणात सोडियम ऑक्साइड ०.३ टक्क्याच्या आसपास असते. त्यातले बहुतेक सगळे खडकाच्या एक दशांश असलेल्या द्रवात गोळा झाले तर तिथे ते अडीच-तीन टक्के होणार, आणि समुद्रतळावरच्या बेसॉल्टमध्ये ते साधारण तेवढेच मिळते. मागे राहतो तो कॅल्शियमयुक्त पायरोक्सिन गमावलेला, नापीक झालेला पेरिडोटाइट.

हा द्रव साठून राहत नाही. ऑलिव्हीनच्या कणांमधल्या कडांवर तो एकमेकांना जोडलेल्या बारीक नळ्यांसारखा पसरतो, त्यामुळे एक टक्क्याहून कमी द्रवही वाट काढू शकतो. वर जाताना तो वाटेतले पायरोक्सिन विरघळवतो आणि त्या जागी ऑलिव्हीन सोडतो. ओमानच्या डोंगरांमध्ये महासागरी भूकवच आणि त्याखालचे प्रावरण जमिनीवर ढकलले गेले आहे. तिथे तपकिरी खडकातून जाणारे निव्वळ ऑलिव्हीनचे पट्टे उघड्यावर दिसतात. ते या द्रवाचे जुने मार्ग आहेत असे मानले जाते, आणि मला ते पटते, कारण समुद्रतळावरचा बेसॉल्ट उथळ प्रावरणातल्या पायरोक्सिनशी समतोलात नसतो. तो त्याच्या अंगाला न लागता वर आला असला पाहिजे.

उत्तर ३ — काचेवर काम केलेली

वरचे उत्तर नेमके आहे. मी मॅडमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात मी कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवरून ड्रेजने ओढून काढलेल्या बेसॉल्टच्या काही तुकड्यांवर काम केले आहे. ही रांग आपल्याच अरबी समुद्रात, मुंबईपासून सुमारे २००० किलोमीटरवर आहे. १९२८ ते १९३० या काळातल्या 'डाना' या डॅनिश जहाजाच्या मोहिमेत तिचा शोध लागला आणि मोहिमेला पैसा देणाऱ्या प्रतिष्ठानावरून तिला नाव मिळाले. व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी १९६३ साली समुद्रतळ पसरतो याचा चुंबकीय पुरावा मांडला, तोही याच रांगेवरच्या मोजणीच्या आधाराने.

माझ्यासमोरचा एक तुकडा अजून डोळ्यांपुढे आहे. उशीच्या आकाराच्या लाव्ह्याचा तो बाहेरचा काठ होता. आतला भाग राखाडी आणि दाणेदार, पण समुद्राच्या पाण्याला भिडलेला सेंटिमीटरभर जाडीचा थर पूर्ण काळी काच. चिमट्याने त्याचा कपचा काढला तर तो बाटलीच्या काचेसारखा तुटे, आणि दिव्यासमोर धरला तर पातळ कडेला मधासारखा तपकिरी दिसे. त्या काचेत मुगाच्या डाळीच्या अर्ध्या दाण्याएवढे पिवळसर हिरवे ऑलिव्हीन तुरळक पसरलेले होते. या काचेचे मोल फार मोठे आहे, कारण लाव्हा पाण्याला लागताक्षणी गोठला तेव्हा त्या क्षणीचा द्रव जसाच्या तसा तिच्यात अडकला.

शिलारस थेट आला की वाटेत बदलला, हे या काचेतूनच ठरवता येते. प्रावरणातल्या ऑलिव्हीनमध्ये मॅग्नेशियम आणि लोह यांचे अणू साधारण ९० ला १० असे असतात, म्हणजे नवास एक. ऑलिव्हीन आणि त्याच्या भोवतीचा द्रव समतोलात असताना द्रवातले हे गुणोत्तर ऑलिव्हीनमधल्या गुणोत्तराच्या सुमारे ०.३ पट असते. रोडर आणि एम्स्ली यांनी १९७० साली प्रयोगांनी हे दाखवले. नवाचे ०.३ पट म्हणजे २.७, म्हणजे शंभरात सुमारे ७३ भाग मॅग्नेशियम. प्रावरणातून थेट आलेल्या शिलारसात हा आकडा ७३ च्या जवळ असायला हवा. समुद्रतळावरच्या बहुतेक बेसॉल्टमध्ये तो ५५ ते ६५ असतो, आणि माझ्या तुकड्यांतही तो याच पट्ट्यात होता. म्हणजे मॅडमच्या दोन पुस्तकांपैकी दुसरे बरोबर आहे. वाटेत या शिलारसाने काहीतरी गमावले आहे.

काय गमावले ते समजायला मिठागरासारखे दुसरे उदाहरण नाही, आणि मुलुंड-भांडुपच्या किंवा वसईच्या मुलांना ते लगेच कळेल. उघाडीतून भरतीचे पाणी वाफ्यात घेतले आणि ते उन्हाने आटत गेले की आधी चुनखडी बसते, मग जिप्सम, मग आपले मीठ, आणि सरतेशेवटी जे कडवट पाणी उरते त्यात मॅग्नेशियमचे क्षार साचलेले असतात. वाफ्यात बाहेरून काही टाकलेले नसते. जे आधी खाली बसले, त्याने उरलेल्या पाण्याची चव बदलली. शिलारसात आटण्याऐवजी थंड होणे असते, बाकी रीत तीच. सुमारे १२०० अंशांच्या आसपास प्रथम ऑलिव्हीनचे स्फटिक बनतात आणि ते मॅग्नेशियम घेऊन जातात. मग प्लॅजिओक्लेज येते, जे कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम घेते. त्यानंतर कॅल्शियमयुक्त पायरोक्सिन. हे स्फटिक द्रवापासून वेगळे होऊन गॅब्रो नावाचा भरड खडक बनतो. महासागरी भूकवचाचा खालचा मोठा भाग याच गॅब्रोचा आहे. नैर्ऋत्य हिंदी महासागरातल्या पर्वतरांगेजवळ ७३५-बी या विवरात १९८७ आणि १९९७ साली दोन टप्प्यांत १५०० मीटरहून अधिक खोल वेधन झाले, ते जवळजवळ सगळे गॅब्रोमध्येच.

यातली एक गोष्ट मला आजही विशेष वाटते. हा द्रव थंड होत जाताना सिलिका पटकन वाढेल अशी आपली अपेक्षा असते, पण तसे होत नाही. बराच काळ सिलिका ५० टक्क्यांच्या आसपासच रेंगाळते आणि वाढते ते लोह आणि टायटॅनियम. कारण प्लॅजिओक्लेज लोह जवळजवळ घेतच नाही, आणि ते भरपूर प्रमाणात बनत असल्यामुळे न घेतलेले लोह द्रवात साचत जाते. लोह-टायटॅनियमची ऑक्साइडे स्फटिक होऊ लागली की मगच हा चढ थांबतो, आणि तिथून पुढे सिलिका खरोखर वाढू लागते. प्लॅजिओक्लेज आपली आणखी एक खूण सोडून जाते: ते युरोपियम हे विरळ मूलद्रव्य ओढून घेते, त्यामुळे बराच बदललेल्या बेसॉल्टमध्ये शेजारच्या मूलद्रव्यांच्या मानाने युरोपियमचा खड्डा दिसतो.

भूगोल शिक्षिका, अंधेरी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. दोन रेषांची आकृती मी स्वतः काढून पाहिली आणि कुकर व मिठागर दोन्ही वर्गात नेणार आहे. एक शंका राहते. मिठागराच्या वाफ्यात पुढच्या भरतीला पुन्हा नवे पाणी घेतात. शिलारसाच्या कोठीतही खालून नवा शिलारस येत असणार, मग जुने आणि नवे मिसळून सगळा हिशेब पुसला जात नाही का? आणि वाटेत इतका बदल झाला असेल, तर वर आलेल्या खडकावरून खालच्या वितळण्याविषयी काही सांगता येते तरी कसे?

उत्तर ४ — काचेवर काम केलेली

मॅडम, आपण विचारलेल्या दोन्ही गोष्टींवर या विषयातले बरेचसे काम उभे आहे.

मिसळणे होते, आणि त्याचे पुरावे स्फटिकांतच सापडतात. प्लॅजिओक्लेजचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली फिरवला की झाडाच्या खोडासारखी वलये दिसतात. काही ठिकाणी एक वलय कुरतडल्यासारखे असते आणि त्यावर पुन्हा कॅल्शियमने समृद्ध नवे वलय बसलेले असते. तिथे गरम, ताजा शिलारस आत शिरला होता. ओ'हारा यांनी १९७७ साली दाखवले की वारंवार भरणाऱ्या आणि वारंवार रिकाम्या होणाऱ्या कोठीत मॅग्नेशियम, कॅल्शियम यांचे प्रमाण जवळजवळ स्थिर राहू शकते, पण स्फटिकांना नको असलेली मूलद्रव्ये प्रत्येक फेरीत थोडी थोडी साचत जातात. मिठागरात जुने कडवट पाणी पूर्ण काढून न टाकता नवे घेत राहिले तर काय होईल याची कल्पना करा. म्हणून खडक साधा दिसला तरी त्याचा इतिहास साधा असतोच असे नाही.

कोठी म्हटल्यावर मोठे भूमिगत तळे डोळ्यांपुढे येते, ते मात्र चुकीचे आहे. प्रशांत महासागरातल्या जलद पसरणाऱ्या रांगेखाली भूकंपलहरींनी जे दिसले ते समुद्रतळाच्या एक-दोन किलोमीटर खाली, सुमारे एक किलोमीटर रुंद आणि केवळ काही दशक मीटर जाडीचे द्रवाचे भिंग होते, आणि त्याखाली स्फटिकांनी भरलेला दाट लगदा. कार्ल्सबर्गसारख्या मंद रांगांखाली असे कायमचे भिंग बहुधा टिकत नाही. तिथे शिलारस तुटक तुटक येतो आणि बऱ्याचदा आधीच्या लगद्यातच गोठतो.

दुसऱ्या शंकेचे उत्तर म्हणजे कोठीतला बदल आधी उलट दिशेने उलगडून काढायचा. क्लाइन आणि लँगमुइर यांनी १९८७ साली जगभरच्या पर्वतरांगांवरचे बेसॉल्ट घेऊन प्रत्येकाचा हिशेब मॅग्नेशियम ऑक्साइड ८ टक्के असतानाच्या टप्प्याला आणला. सगळे एका पायरीवर उभे केल्यावर जो फरक उरतो तो कोठीचा नसतो, खालचा असतो. तेव्हा दिसले की जिथे रांग उथळ आहे तिथे या टप्प्यावर सोडियम कमी आणि लोह जास्त आहे, आणि जिथे ती खोल आहे, जसे कॅरिबियन समुद्रातल्या केमन खंदकात, तिथे सोडियम जास्त आणि लोह कमी आहे. सोडियम कमी म्हणजे खडक जास्त वितळला आणि तेवढेच सोडियम अधिक द्रवात विभागले जाऊन पातळ झाले. लोह जास्त म्हणजे वितळणे अधिक दाबाखाली, अधिक खोलवर सुरू झाले. दोन्हींचा अर्थ एकच: तिथले प्रावरण अधिक गरम आहे, दोन रेषा अधिक खाली छेदतात, भूकवच जाड बनते आणि म्हणूनच रांग उंच उभी राहते. या निष्कर्षाच्या तपशिलांवर पुढे बरीच चर्चा झाली आणि प्रावरणाचे मूळ रसायनही जागोजागी वेगळे आहे हे त्यात जोडावे लागले, पण समुद्राची खोली मुठीतल्या काचेच्या सोडियमशी बांधलेली आहे ही गोष्ट मला आजही थक्क करते.

मूळ रसायनाचे म्हणाल तर त्यासाठी समस्थानिके पाहावी लागतात, कारण वितळताना किंवा स्फटिक बनताना स्ट्रॉन्शियम किंवा शिसे यांच्या जड समस्थानिकांचे आपसांतले प्रमाण बदलत नाही. हिंदी महासागरातल्या बेसॉल्टचे हे प्रमाण प्रशांत आणि उत्तर अटलांटिकमधल्यापेक्षा वेगळे आहे, आणि ते १९८३-८४ पासून ठाऊक आहे. आपल्या समुद्राखालचे प्रावरण स्वतःची वेगळी खूण बाळगून आहे.

उत्तर ५ — दगडांच्या नादी लागलेला

समस्थानिकांचा विषय निघाला म्हणून एक भर. गिल्बर्ट हिलचा बेसॉल्ट समुद्रतळावरचा नाही, दख्खनच्या ज्वालामुखी काळातला आहे, हे मुलांना स्पष्ट सांगायला हवे. पण दोन्हींचे नाते आहे. सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी सेशेल्सचा तुकडा भारतापासून तुटला आणि मधल्या फटीत कार्ल्सबर्ग रांग जन्माला आली; मुंबईचा किनारा त्याच ताटातुटीच्या काठावर आहे.

दख्खनच्या थरांमध्ये अंबेनळी नावाचा एक थर आहे, महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणाऱ्या घाटावरून त्याला नाव मिळाले. त्याच्यात खंडाच्या कवचाची भेसळ सर्वांत कमी आहे, आणि त्याची समस्थानिके हिंदी महासागरातल्या पर्वतरांगांवरच्या बेसॉल्टच्या बरीच जवळ जातात. त्याच्या खाली असलेल्या बुशे थराने मात्र वर येताना खंडाचे कवच भरपूर पचवले आहे, आणि त्याच्या स्ट्रॉन्शियमवर ते लगेच कळते. समुद्राखाली असे जाड, जुने कवच आडवे येत नाही, म्हणून प्रावरणाचा आवाज तिथे जास्त स्वच्छ ऐकू येतो. पावसाळा संपल्यावर मुलांना अंबेनळी घाटात नेता आले तर जरूर न्या. ताज्या फुटलेल्या दगडावर भिंग धरले की प्लॅजिओक्लेजच्या पांढऱ्या काड्या त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतील.

भूगोल शिक्षिका, अंधेरी

आज तास झाला. फळ्यावर दोन रेषा काढल्या, साठाचे दहा टक्के मुलांनीच काढले. ती मुलगी सगळे उतरवून घेत होती, आणि शेवटी तिने विचारले, "मॅडम, भूपट्टांनी दूर जाणं थांबवलं तर?"

उत्तर ६ — काचेवर काम केलेली

तर वितळणेही थांबते, कारण वर येणेच थांबते. खालचे प्रावरण तितकेच गरम राहते, पण हळूहळू वरून थंड होत त्याच्यावर झाकण जाड होऊ लागते. हिंदी महासागराच्या पूर्व भागातल्या व्हार्टन रांगेचे असेच झाले. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिचे पसरणे थांबले, आणि आज ती नकाशावर दिसते ती निव्वळ गोठलेली, शांत रांग म्हणून. तिला हा नकाशा नक्की दाखवा.